आहे, लागतं, करून घेतलं : ‘हॅव’ कुठे, कसं वापरावं

नोकरीच्या मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ असं म्हटलं की मराठी माध्यमातून शिकलेले अनेक उमेदवार साधारण अशी तीन वाक्यं बोलतात : ‘आय अ‍ॅम हॅविंग वन ब्रदर अँड टू सिस्टर्स. आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन 2021. आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ तिन्ही वाक्यांचा अर्थ समोरच्याला कळतो. पण तिन्ही चुकलेली आहेत आणि तिन्हींच्या चुकीचं मूळ एकाच चिमुकल्या क्रियापदात आहे. पहिल्या वाक्यात ‘हॅव’ चुकीच्या रूपात आलं आहे, दुसऱ्यात ते नको असताना आलं आहे आणि तिसऱ्यात हवं असताना आलेलंच नाही.

हे उमेदवार शाळेत इंग्रजी शिकलेले असतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झालं, त्याआधीच्या पिढीची ओळख पाचवीत होत असे. ‘आय हॅव, यू हॅव, ही हॅज’ ही घोकंपट्टी दोन्ही पिढ्यांनी केली आहे. अडचण घोकंपट्टीनंतर सुरू होते. ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणे’ एवढा एकच अर्थ डोक्यात बसतो, आणि पुढे हे क्रियापद दहा वेगळ्या वेशांत समोर आलं की गोंधळ उडतो.

मुळात मराठीत ‘हॅव’ला प्रतिशब्द नाही. मराठी माणूस कोणतीच गोष्ट ‘हॅव’ करत नाही. ती गोष्ट त्याला, त्याच्याकडे, त्याच्याजवळ किंवा त्याच्यात ‘असते’. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे गाडी आहे. गावाला आमचं घर आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. तिच्या हाताला चव आहे. त्याच्यात धमक आहे. भाऊ ‘माझ्याकडे’ आहेत असं म्हटलं, तर ते सध्या राहायला आले आहेत असा अर्थ होतो. इतका बारीक फरक आपण रोज न चुकता सांभाळतो. इंग्रजीत मात्र भाऊ, गाडी, घर, खिडक्या, ताप, धमक या सगळ्यांना एकच ‘हॅव’ पुरतं.

हा मराठीचा कमकुवतपणा नव्हे. संस्कृत आणि हिंदीच नव्हे, तर रशियन, फिनिश, हंगेरियन आणि आयरिश या भाषाही मालकी सांगायला ‘असणे’च वापरतात. इंग्रजी ‘हॅव’चं मूळ ‘पकडणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे. हातात पकडलेलं ते आपलं, असा त्याचा प्रवास झाला. म्हणून इंग्रजी वाक्यात मालक कर्ता होतो आणि वस्तू कर्म होते, तर मराठीत वस्तूच कर्ता असते. एवढी उलटापालट लक्षात आली की ‘मनी इज नॉट विथ मी’ हे वाक्य का खटकतं ते कळतं. ‘पैसे माझ्याकडे नाहीत’ हे मराठी वाक्य शब्द बदलून जसंच्या तसं तिथे आणलेलं असतं. इंग्रजीत ‘आय डोन्ट हॅव एनी मनी’ म्हणावं. खिशात आत्ता रोकड नाही एवढंच सांगायचं असेल, तर ‘आय डोन्ट हॅव एनी कॅश ऑन मी’.

आता त्या ‘हॅविंग’कडे वळू, कारण भारतीय इंग्रजीची ही सगळ्यात ठळक खूण मानली जाते. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांनी भारतीय बोलण्यातल्या या ‘इंग’च्या हौसेवर कविताच लिहिल्या, त्यातली मिस पुष्पांच्या निरोप समारंभाची कविता अनेकांनी अभ्यासक्रमात वाचली असेल. नियम सोपा आहे. ‘हॅव’मधून स्थिती सांगायची असेल, तर ‘हॅविंग’ नको. भाऊ असणं, गाडी असणं, पदवी असणं, अनुभव असणं या स्थिती आहेत, त्या ‘चालू’ नसतात. म्हणून ‘आय हॅव टू सिस्टर्स’, ‘शी हॅज फोर इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. पण ‘हॅव’मधून एखादी क्रिया किंवा घटना सांगायची असेल आणि ती आत्ता घडत असेल, तर ‘हॅविंग’ अगदी बरोबर. ‘वी आर हॅविंग लंच’ म्हणजे आम्ही जेवतोय. ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’ म्हणजे त्यांची बैठक चालू आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं 28 ऑगस्ट 1963 चं वॉशिंग्टनमधलं भाषण ‘आय हॅव अ ड्रीम’ या नावाने ओळखलं जातं. त्यात ‘आय अ‍ॅम हॅविंग अ ड्रीम’ असतं, तर वक्ता झोपेत असून त्याला आत्ता स्वप्न पडतंय असा अर्थ झाला असता. ‘आय हॅव’ म्हटल्यामुळे ते मनात बाळगलेलं स्वप्न ठरतं. आणि सकाळी उठून ‘काल रात्री एक स्वप्न पडलं’ असं सांगायचं, तर ‘आय हॅड अ ड्रीम लास्ट नाइट’.

दवाखान्यात हा फरक जास्त जपावा लागतो. मुलांकडे परदेशी गेलेल्या कित्येक मराठी आई-वडिलांवर तिथल्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायची वेळ येते. ‘ही हॅज अ हार्ट प्रॉब्लेम’ म्हणजे यांना हृदयाचा त्रास आहे, ही कायमची स्थिती झाली. ‘ही इज हॅविंग अ हार्ट अटॅक’ म्हणजे या क्षणी झटका येतोय, रुग्णवाहिका पाठवा. ‘ही हॅज हॅड टू हार्ट अटॅक्स’ म्हणजे आजवर दोन झटके येऊन गेले आहेत. क्रियापद तेच, पण ऐकणाऱ्याने काय धावपळ करायची हे त्याच्या रूपावर ठरतं. साधा ताप असेल तर ‘आय अ‍ॅम हॅविंग फीवर’ म्हणू नये. ‘आय हॅव अ फीवर’ म्हणावं. ब्रिटनमध्ये ‘आय हॅव अ टेंपरेचर’ असंही म्हणतात, आणि त्याचाही अर्थ ‘मला ताप आहे’ एवढाच.

खाण्यापिण्यासाठी आणि आंघोळीसाठीही हेच क्रियापद चालतं, हे शाळेत फारसं ठसत नाही. चहा ‘हॅव’ करतात, नाश्ता ‘हॅव’ करतात. ‘ड्रिंक टी’ आणि ‘ईट ब्रेकफास्ट’ चुकीचं नाही, पण पाहुण्याला विचारताना ‘विल यू हॅव सम टी?’ हेच घरगुती आणि अगत्याचं वाटतं. आंघोळ, शॉवर, डुलकी, नजर टाकणं या सगळ्याला ब्रिटिश माणूस ‘हॅव’ लावतो, तर अमेरिकन बहुतेक वेळा ‘टेक’. दोन्ही बरोबर आहेत.

प्रश्न आणि नकार करताना ‘डू’ची मदत लागते आणि तिथे एक चूक हमखास होते. ‘डज शी हॅज अ लायसन्स?’ असं कानावर पडतं. ‘डज’ आलं की ‘स’चा मान त्याने घेतलेला असतो, पुढे ‘हॅव’च यायला हवं : ‘डज शी हॅव अ लायसन्स?’ तसंच ‘शी डझन्ट हॅव’, आणि भूतकाळात ‘डिड शी हॅव’. जुन्या क्रमिक पुस्तकांत ‘हॅव यू अ पेन?’ असे प्रश्न असत. ती जुनी ब्रिटिश धाटणी आहे. आज तसं कुणी फारसं बोलत नाही. ब्रिटनमध्ये ‘हॅव यू गॉट अ पेन?’ आणि अमेरिकेत ‘डू यू हॅव अ पेन?’ असं विचारतात. भारतात दोन्ही चालतात. फक्त दोन्हींची सरमिसळ करून ‘डू यू हॅव गॉट’ म्हणू नये.

इथवर ‘हॅव’ स्वतः मुख्य क्रियापद होतं. त्याचं दुसरं काम दुसऱ्या क्रियापदाला टेकू देण्याचं, आणि खरी कसोटी तिथे लागते. ‘आय हॅव रिटन अ लेटर’ या वाक्यात कशाचीही मालकी नाही, मग ‘हॅव’ कशाला? जुन्या इंग्रजीत या रचनेचा अर्थ ‘माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे’ असा होता. हळूहळू शब्दांचा क्रम बदलला आणि ‘मी पत्र लिहिलं आहे’ असा अर्थ रूढ झाला. जुन्या अर्थाची छटा आजही उरली आहे : काम पूर्वी झालं, पण त्याचा परिणाम आत्ता हातात आहे.

13 एप्रिल 1970 रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 यानातली प्राणवायूची टाकी फुटली. जॅक स्विगर्ट आणि त्यांच्यापाठोपाठ जिम लव्हेल यांनी ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला जे कळवलं त्यात ‘वी हॅव हॅड अ प्रॉब्लेम’ असे शब्द होते. 1995 च्या चित्रपटात ते ‘वी हॅव अ प्रॉब्लेम’ असे झाले आणि जगभर तेच प्रसिद्ध आहेत. चित्रपटातल्या वाक्यात ‘अडचण आहे’ एवढंच कळतं. अंतराळवीरांच्या मूळ वाक्यात ‘अडचण उद्भवली आहे’ असं आहे : काहीतरी नुकतंच घडलं आणि आता आम्ही त्याला तोंड देतो आहोत. ‘हॅव हॅड’ ही जोडी पाहून बिचकणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. पहिलं ‘हॅव’ टेकू आहे, दुसरं ‘हॅड’ मुख्य क्रियापद आहे. ‘मला सोमवारपासून ताप आहे’ हे इंग्रजीत ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे’ असंच होतं.

या रचनेत मराठी कान बरीच मदत करतो आणि तीन ठिकाणी फसवतो. आधी मदत पाहू. ‘ही हॅज गॉन टू दिल्ली’ आणि ‘ही हॅज बीन टू दिल्ली’ यांतला फरक इंग्रजी शिकणाऱ्या अनेकांना छळतो. मराठीत तो आयता आहे. ‘तो दिल्लीला गेलाय’ म्हणजे ‘हॅज गॉन’. माणूस अजून तिकडेच आहे. ‘तो दिल्लीला जाऊन आलाय’ म्हणजे ‘हॅज बीन’. मनात ‘जाऊन आलाय’ आलं की तोंडातून ‘बीन’ यावं, इतकं ते सरळ आहे.

पहिली फसगत ‘काल’मुळे होते. ‘मी तुम्हाला काल फाइल पाठवली आहे’ हे मराठीत निर्दोष आहे, म्हणून कचेरीच्या मेलमध्ये ‘आय हॅव सेंट यू द फाइल यस्टर्डे’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत होऊन गेलेला नेमका काळ सांगितला की ‘हॅव’ जातं. काल, गेल्या आठवड्यात, 2021 मध्ये, दोन तासांपूर्वी यांपैकी काहीही वाक्यात असेल तर साधा भूतकाळ : ‘आय सेंट यू द फाइल यस्टर्डे’, ‘आय कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन 2021’. वेळ सांगायचीच नसेल, तर ‘आय हॅव सेंट यू द फाइल’ योग्य. अमेरिकेत तिथेही पुष्कळदा साधा भूतकाळ ऐकू येतो, त्याने गोंधळून जाऊ नये.

दुसरी फसगत ‘-पासून’मुळे. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ यात मराठी क्रियापद वर्तमानकाळात आहे, म्हणून इंग्रजीतही ‘आय अ‍ॅम लिव्हिंग’ येतं. मागे सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला ‘हॅव’ लागतंच : ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.’ शिवाय मराठी ‘-पासून’ दोन्हीकडे चालतं, 2018 पासून आणि पाच वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगताना ‘सिन्स’ आणि लांबी सांगताना ‘फॉर’. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ कधीच होत नाही.

तिसरी फसगत सर्वांत खोलवर रुजलेली आहे आणि उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. ‘काल मी नाशिकला गेलो होतो.’ या ‘होतो’मुळे ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टर्डे’ असं वाक्य तयार होतं. मराठीतलं ‘गेलो होतो’ ही गोष्ट होऊन संपली, माणूस परत आला असं सुचवतं. इंग्रजी ‘हॅड’ला मात्र एक जोडीदार घटना लागते, भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी दुसरी घडली, हे दाखवायला ते येतं. ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ म्हणजे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टेशन’. इथे ‘हॅड’ हवंच, कारण सुटणं आधी आणि पोचणं नंतर आहे. अशी दुसरी घटना वाक्यात किंवा आसपास नसेल तर ‘हॅड’ गाळावं : ‘आय वेंट टू नाशिक यस्टर्डे’. ‘आय हॅड कॉल्ड यू इन द मॉर्निंग’ ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो.

‘असेल’ आणि ‘असता’ या जोडीत मराठी पुन्हा उपयोगी पडते. ‘तो पोचला असेल’ हा अंदाज आहे : ‘ही मस्ट हॅव रीच्ड’ किंवा ‘ही विल हॅव रीच्ड’. ‘तो पोचला असता’ यात न घडलेली गोष्ट आहे : ‘ही वुड हॅव रीच्ड’. आपल्याकडे अंदाजालाही ‘वुड हॅव’ लावण्याची सवय आहे, ती टाळावी. ‘तू यायला हवं होतंस’ म्हणजे ‘यू शुड हॅव कम’. ‘तुला येता आलं असतं’ म्हणजे ‘यू कुड हॅव कम’. या जोड्या बोलताना ‘शुडव्ह’, ‘कुडव्ह’ अशा आवळल्या जातात. इंग्लंड-अमेरिकेतली माणसंही तो आवाज ‘ऑफ’चा समजून चुकीचं लिहितात. मराठी माणूस ही चूक सहसा करत नाही, कारण त्याने हे शब्द आधी पुस्तकात पाहिलेले असतात.

‘हॅव टू’ म्हणजे ‘लागणे’. मला जावं लागतं, जावं लागलं, जावं लागेल : ‘आय हॅव टू गो’, ‘आय हॅड टू गो’, ‘आय विल हॅव टू गो’. ‘मस्ट’ला भूतकाळाचं रूप नाही, म्हणून सक्तीची भूतकाळातली गोष्ट सांगताना ‘हॅड टू’च येतं. धोका नकारात आहे. साहेबांनी ‘यू डोन्ट हॅव टू कम टुमॉरो’ असं लिहिलं, तर उद्या येऊ नका असा हुकूम समजून काळजीत पडू नये. त्याचा अर्थ ‘यायची गरज नाही, आलात तरी हरकत नाही’ असा आहे. मनाई असती तर ‘यू मस्ट नॉट कम’ असं म्हटलं असतं. ‘गरज नाही’ आणि ‘नको’ यांतलं अंतर आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तेच इथे लावायचं. उच्चारही जपावा. ‘हॅव टू’ सहज बोलण्यात ‘हॅफ्टू’ असं ऐकू येतं आणि ‘हॅज टू’ ‘हॅस्टू’ असं. हे माहीत नसलं तर चित्रपटातलं सोपं वाक्यही निसटतं.

‘हॅड बेटर’ची गंमत अशी की त्यात ‘हॅड’ असूनही भूतकाळ नाही. ‘यू हॅड बेटर गो नाउ’ म्हणजे ‘आता तू गेलेलं बरं’. मराठीतही ‘गेलेलं’ हे रूप भूतकाळी आणि अर्थ पुढचा. या बोलण्यात थोडी ताकीद असते, ‘नाहीतर पंचाईत होईल’ अशी. म्हणून वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना ते वापरू नये. तिथे ‘इट वुड बी बेटर टू’ असं मवाळ लिहावं.

शेवटचं काम करून घेण्याचं. न्हाव्याकडून केस कापून घेतल्यावर ‘आय कट माय हेअर’ म्हटलं, तर स्वतःच कात्री चालवली असा अर्थ निघतो. ‘मी केस कापून घेतले’ म्हणजे ‘आय हॅड माय हेअर कट’. इथे शब्दांच्या क्रमावर सगळी भिस्त आहे. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे ‘मी केस कापले होते’, आणि ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे ‘कापून घेतले’. वस्तू मध्ये आणि क्रिया शेवटी, एवढं ध्यानात ठेवावं. घर रंगवून घ्यायचं, गाडी दुरुस्त करून घ्यायची, रक्त तपासून घ्यायचं, सगळीकडे हाच साचा चालतो : ‘हॅव द हाउस पेंटेड’, ‘हॅव द कार रिपेअर्ड’, ‘हॅव युअर ब्लड टेस्टेड’. माणसाकडून काम करून घ्यायचं असेल, तर ‘आय विल हॅव हिम कॉल यू’, म्हणजे ‘त्याला तुम्हाला फोन करायला सांगतो’. याच साच्यात नकोशी घटनाही बसते. ‘ही हॅड हिज फोन स्टोलन’ म्हणजे त्याने फोन चोरवून घेतला असं नव्हे. त्याचा फोन चोरीला गेला.

हे सगळं एका बैठकीत पाठ करू नये. ‘हॅव’ समोर आलं की आधी मनात मराठी वाक्य पूर्ण करून पाहावं आणि त्याच्या शेवटी ‘आहे’, ‘झालं आहे’, ‘लागतं’, ‘असता’ की ‘करून घेतलं’ येतं ते ऐकावं. रूप आपोआप ठरतं. ज्यांचं काम मेलवर चालतं, त्यांनी स्वतः पाठवलेले गेल्या महिन्यातले मेल उघडावेत आणि त्यांत ‘हॅड’, ‘अ‍ॅम हॅविंग’ आणि ‘सिन्स’ हे तीन शब्द शोधून प्रत्येक वाक्य वरच्या कसोट्यांवर तपासावं. सवयीच्या चुका तिथेच सापडतील, आणि दुरुस्तीला सुरुवातही तिथूनच करावी.